उपचार न झालेली लैंगिक संक्रमणे

शरीरसंबंधातून पसरणारे जिवाणू, विषाणू किंवा परजीवी शरीरात शिरल्यावर त्यांचे निदानच झाले नाही, अथवा निदान होऊनही औषधोपचार पूर्ण झाला नाही, तर ते संक्रमण शरीरात दीर्घकाळ टिकून राहते. अशा संक्रमणांना उपचार न झालेली लैंगिक संक्रमणे म्हणतात. वंध्यत्व, गर्भनलिकेत होणारी गर्भधारणा, गर्भपात व मृतजन्म, गर्भाशयमुखाचा कर्करोग, यकृताचे विकार, हृदय व मज्जासंस्था यांची हानी आणि एचआयव्हीची लागण होण्याचा वाढलेला धोका हे त्यांचे प्रमुख दुष्परिणाम होत.

उपदंश, परमा, क्लॅमिडिया व ट्रायकोमोनास ही चार संक्रमणे योग्य औषधाने पूर्ण बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ वर्षे वयोगटात या चार संक्रमणांच्या सुमारे ३७.४ कोटी नव्या लागणी झाल्या. हर्पिस, मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही), कावीळ ब व एचआयव्ही ही विषाणूजन्य संक्रमणे औषधाने समूळ नाहीशी करणे सहसा शक्य नसते. मात्र त्यांचे परिणाम रोखता येतात किंवा पुष्कळ लांबवता येतात. त्यामुळे या संक्रमणांपासून होणारी हानी औषधाच्या अभावापेक्षा उशिरा झालेल्या निदानामुळे, अर्धवट उपचारांमुळे आणि संकोचामुळे अधिक होते.

नावे व संज्ञा

मराठीत या आजारांना दीर्घकाळ 'गुप्तरोग' म्हटले जाते. उपदंशाला 'गरमी', गोनोकोकस या जिवाणूमुळे होणाऱ्या आजाराला 'परमा' किंवा 'पूयप्रमेह' आणि जांघेत येणाऱ्या गाठीला 'बद' अशी नावे बोलभाषेत रूढ आहेत. प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांत 'उपदंश' हा शब्द जननेंद्रियांवरील व्रणांसाठी येतो. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात 'फिरंग' या नावाने एका नव्या रोगाचे वर्णन आले. पोर्तुगीज व अन्य युरोपीय लोकांशी, म्हणजे फिरंग्यांशी, या रोगाचा संबंध जोडल्यामुळे त्याला हे नाव पडले.

आधुनिक वैद्यकात 'आजार' या शब्दाऐवजी 'संक्रमण' हा शब्द अधिक वापरला जातो, कारण जंतू शरीरात असूनही व्यक्तीला कोणताच त्रास जाणवत नाही अशी स्थिती या गटात फार आढळते. जननमार्गाची सर्वच संक्रमणे शरीरसंबंधातून होत नाहीत. बुरशीमुळे किंवा योनीतील नैसर्गिक जिवाणूंचे संतुलन बिघडल्यामुळेही अंगावरून पांढरे जाऊ शकते. तेव्हा केवळ लक्षणावरून कोणाच्या वर्तनाबद्दल अनुमान काढणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरते.

लक्षणांचा अभाव

लैंगिक संक्रमणे उपचाराविना राहण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे त्यांची लक्षणे अनेकदा दिसतच नाहीत. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना आणि सुमारे निम्म्या पुरुषांना काहीही त्रास होत नाही. परम्यात पुरुषांना सहसा लघवीला जळजळ होते व पू जातो, म्हणून ते उपचार घेतात. स्त्रियांमध्ये मात्र तोच आजार पुष्कळदा नकळत राहतो किंवा साधे पांढरे जाणे समजून दुर्लक्षिला जातो.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. काही आजारांची लक्षणे औषधाविना आपोआप नाहीशी होतात. उपदंशाचा पहिला व्रण वेदनारहित असतो व तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. रुग्णाला आजार बरा झाल्यासारखे वाटते. याच काळात एखादे मलम, काढा किंवा गंडादोरा केलेला असल्यास गुण त्याचाच आला असा समजही होतो. प्रत्यक्षात जंतू रक्तावाटे शरीरभर पसरलेले असतात. लक्षण जाणे आणि रोग जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या संक्रमणांच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावे लागते.

संक्रमणानुसार दुष्परिणाम

उपदंश

ट्रेपोनेमा पॅलिडम या जिवाणूमुळे उपदंश होतो. लागणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर, गुदद्वाराजवळ किंवा तोंडात वेदनारहित व्रण उमटतो. ही पहिली अवस्था होय. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरी अवस्था येते. तिच्यात तळहात व तळपाय यांसह अंगावर न खाजणारे चट्टे येतात, ताप येतो, गाठी सुजतात आणि केस विरळ होतात. ही लक्षणेही आपोआप मावळतात व आजार सुप्तावस्थेत जातो.

सुप्तावस्था वर्षानुवर्षे टिकू शकते. उपचार न झालेल्या काही रुग्णांना दहा ते तीस वर्षांनंतर तिसरी अवस्था गाठते. तिच्यात हृदयातून निघणारी महाधमनी फुगते, त्वचा व हाडांवर गाठी येऊन त्या फुटतात, चालण्याचा तोल जातो, स्मृतिभ्रंश किंवा मानसिक विकार उद्भवतो. मेंदू, डोळे व कान यांना होणारी इजा मात्र तिसऱ्या अवस्थेपुरती मर्यादित नसते. ती कोणत्याही अवस्थेत होऊ शकते व त्यातून अंधत्व किंवा बहिरेपणा येऊ शकतो. पेनिसिलिनने जंतू नष्ट होतात, परंतु एकदा झालेली इंद्रियांची हानी भरून येत नाही.

परमा व क्लॅमिडिया

हे दोन आजार पुष्कळदा एकत्र आढळतात. उपचार न झाल्यास जंतू गर्भाशयमुखातून वर चढून गर्भाशय, गर्भनलिका व बीजकोश यांना सूज आणतात. याला ओटीपोटाचा दाह म्हणतात. ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना, ताप व पाळीतील अनियमितता ही त्याची लक्षणे आहेत. कित्येकींमध्ये दाह मंद असतो आणि गर्भनलिकांची हानी नकळत होत राहते.

गर्भनलिकांच्या आतील नाजूक आवरणावर व्रण पडून त्या चिकटतात किंवा बंद होतात. स्वीडनमधील लुंड येथे वेस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात ओटीपोटाचा दाह एकदा झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना गर्भनलिका बंद झाल्यामुळे वंध्यत्व आले. नलिका पूर्ण बंद न होता अरुंद झाली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेतच रुजतो. नलिका फुटून पोटात रक्तस्राव झाल्यास स्त्रीच्या जिवावर बेतते. भारतात गर्भनलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हेही एक महत्त्वाचे कारण असल्याने दोन्ही शक्यता तपासल्या जातात.

पुरुषांमध्ये वृषणाला लागून असलेल्या वीर्यवाहक नलिकांना सूज येते. क्वचित त्यातून वंध्यत्व येते. परमा दीर्घकाळ राहिल्यास मूत्रमार्ग अरुंद होऊन लघवी तुंबते. परम्याचे जंतू रक्तात शिरल्यास सांधे सुजतात. मूल होत नसल्यास दोष स्त्रीवर ठेवण्याची रीत समाजात असली, तरी वंध्यत्वाचे मूळ पतीकडून आलेल्या व त्याच्यात लक्षणे न दिसलेल्या संक्रमणातही असू शकते. म्हणून तपासणी दोघांचीही करावी लागते.

ट्रायकोमोनास

या परजीवीमुळे योनीतून पिवळसर-हिरवट, दुर्गंधीयुक्त स्राव जातो व खाज सुटते. पुरुषांत लक्षणे फारशी नसतात, त्यामुळे ते नकळत संक्रमण पसरवतात. उपचार न झाल्यास अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा आणि एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो.

मानवी पॅपिलोमा विषाणू

हा विषाणू फार सामान्य आहे व बहुतेक व्यक्तींमध्ये तो एक-दोन वर्षांत शरीराच्या प्रतिकारशक्तीने नाहीसा होतो. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षे टिकतो, त्यांच्यापैकी काही स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. त्यांपैकी सुमारे ७० टक्के कर्करोगांना या विषाणूचे १६ व १८ हे प्रकार कारणीभूत असतात. लागण व कर्करोग यांत साधारण १५ ते २० वर्षांचे अंतर असते. विषाणूवर थेट औषध नसले, तरी या दीर्घ मुदतीत पेशींतील कर्करोगपूर्व बदल ओळखून ते छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतात. हा विषाणू व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे जर्मन संशोधक हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हर्पिस व कावीळ ब

हर्पिसमुळे जननेंद्रियांवर वेदनादायक फोड वारंवार येतात. औषधांनी त्यांची तीव्रता व वारंवारता कमी होते. प्रसूतीच्या सुमारास मातेला प्रथमच लागण झाल्यास बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. कावीळ ब हा आजार रक्त, शरीरसंबंध व मातेकडून बाळाला अशा तिन्ही मार्गांनी पसरतो. तो दीर्घकाळ राहिल्यास यकृत कठीण होऊन निकामी होते किंवा यकृताचा कर्करोग होतो. त्यावर प्रभावी लस उपलब्ध आहे.

गर्भावस्था व नवजात बालक

मातेच्या संक्रमणावर उपचार न होण्याची सर्वांत मोठी किंमत बालकाला मोजावी लागते. गर्भवतीला उपदंश असून उपचार झाले नाहीत, तर निम्म्याहून अधिक गर्भधारणांमध्ये गर्भपात, मृतजन्म, अपुऱ्या दिवसांचा जन्म, नवजात मृत्यू किंवा जन्मजात उपदंश यांपैकी काहीतरी घडते. जन्मजात उपदंश झालेल्या बालकाला हाडांची विकृती, यकृत-प्लीहेची वाढ, अंधत्व व बहिरेपणा यांचा धोका असतो. यांतील बरेचसे टाळण्यासाठी एक रक्तचाचणी आणि पेनिसिलिनचे इंजेक्शन पुरेसे असते. मात्र ते प्रसूतीच्या किमान एक महिना आधी देणे आवश्यक असते. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच ही चाचणी करतात. माता ते बालक असे उपदंश व एचआयव्हीचे संक्रमण रोखल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा क्यूबा हा २०१५ साली पहिला देश ठरला.

परमा व क्लॅमिडिया असलेल्या मातेच्या बाळाचे डोळे जन्माच्या वेळी संक्रमित होतात. परम्यामुळे होणाऱ्या नेत्रदाहाने पूर्वी युरोपात असंख्य बालके आंधळी होत. लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची पद्धत १८८० च्या सुमारास सुरू केली व हे अंधत्व झपाट्याने घटले.

एचआयव्ही असलेल्या मातेने उपचार न घेतल्यास बालकाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. नियमित औषधोपचाराने ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी उभारलेली 'सेवालय' ही संस्था एचआयव्हीग्रस्त बालकांचा सांभाळ करते. वेळेवर न पोहोचलेल्या उपचारांचा भार पुढच्या पिढीवर कसा पडतो, हे अशा संस्थांच्या गरजेवरून दिसते.

एचआयव्हीशी संबंध

जननेंद्रियांवर व्रण असल्यास त्वचेचे संरक्षण तुटते आणि दाह असल्यास एचआयव्ही ज्या पेशींत शिरतो त्या पेशी त्या जागी गोळा होतात. यामुळे उपचार न झालेले अन्य संक्रमण एचआयव्ही घेण्याची व देण्याची अशा दोन्ही शक्यता वाढवते. टांझानियातील म्वान्झा भागात झालेल्या व १९९५ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ग्रामीण आरोग्य केंद्रांतील लैंगिक संक्रमणांचे उपचार सुधारल्यावर एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. युगांडातील राकाई येथे झालेल्या दुसऱ्या प्रयोगात मात्र ठरावीक काळाने सर्वांना सरसकट औषध देऊन असा परिणाम दिसला नाही. साथीचा टप्पा व उपचारांची पद्धत यांतील फरकाने या भिन्न निष्कर्षांचा उलगडा केला जातो.

उपचार न मिळालेल्या रुग्णांचे अभ्यास

उपदंश उपचाराविना ठेवल्यास काय होते, याची माहिती मुख्यतः दोन ऐतिहासिक अभ्यासांतून मिळते. नॉर्वेतील ऑस्लो येथे सेझार बोएक या वैद्याने १८९१ ते १९१० या काळात सुमारे दोन हजार रुग्णांना तत्कालीन पाऱ्याचे उपचार दिले नाहीत, कारण पारा अपायकारक असल्याचे त्याचे मत होते. या रुग्णांचा पुढे अनेक दशके मागोवा घेण्यात आला. त्यांच्यापैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत उशिराच्या अवस्थेचे दुष्परिणाम आढळले.

दुसरा अभ्यास वैद्यकीय नीतिमत्तेवरील कलंक मानला जातो. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ साली सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांची निवड केली. त्यांच्यापैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना आजाराचे खरे स्वरूप सांगितले नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार म्हणून मान्य झाल्यावरही त्यांना तो मिळू दिला नाही. वृत्तपत्रांतून माहिती उघड झाल्यावर १९७२ साली हा अभ्यास थांबला. तोवर अनेक रुग्ण दगावले होते आणि काहींच्या पत्नींना व मुलांना लागण झाली होती. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. संशोधनात सहभागी होणाऱ्याची माहितीपूर्ण संमती घेण्याचे नियम कठोर होण्यास हे प्रकरण कारणीभूत ठरले.

महाराष्ट्रातील अभ्यास व अनुभव

गडचिरोली

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रार सांगितली, परंतु प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार होते व त्यांतील जवळपास निम्मे जननमार्गाच्या संक्रमणाचे होते. यापूर्वी तपासणी व उपचार मिळालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे प्रसूती व कुटुंबनियोजन एवढाच विचार होत असे. जननमार्गाच्या संक्रमणांचा स्वतंत्र विचार व्हावा, या जागतिक मागणीला या अभ्यासाने बळ दिले.

पुणे

पुण्यात १९९० च्या दशकात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. त्यांतील बहुतेकींचा शरीरसंबंध केवळ पतीशी होता. विवाहितेला धोका नसतो, हा समज या अभ्यासाने खोटा ठरवला आणि पतीच्या उपचार न झालेल्या संक्रमणाकडे लक्ष वेधले.

धाराशिव (उस्मानाबाद)

मराठवाड्यातील उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठी चाचणी झाली. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्या गटात नेहमीचीच सेवा अशी रचना होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आठ वर्षांच्या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४, तर नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ मृत्यू झाले. आयुष्यात केवळ एकदा केलेल्या चाचणीने व तिला जोडून केलेल्या उपचाराने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चौथ्या गटातील स्त्रियांची तपासणी केली नाही याबद्दल या चाचणीवर नैतिक आक्षेपही घेतले गेले.

बीड

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे व पाळीच्या तक्रारी अशा कारणांसाठी, कित्येकदा तरुण वयातच, या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. या साऱ्या तक्रारी लैंगिक संक्रमणाच्या नव्हेत. तरीही औषधाने बरे होऊ शकणारे जननमार्गाचे संक्रमण अंगावर काढल्यास, किंवा त्याचे नीट निदान न झाल्यास, त्याचा शेवट अनावश्यक शस्त्रक्रियेत होऊ शकतो हे या प्रकरणातून पुढे आले. ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबे पाच-सहा महिने गावाबाहेर, कोपीत राहतात. खाडा केल्यास मजुरी कापली जाते आणि गावातील आरोग्यसेवेशी संपर्क तुटतो. यामुळे दुखणे अंगावर काढण्याची प्रवृत्ती वाढते.

निदान व उपचार

उपदंशासाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्तचाचणी केली जाते. परमा व क्लॅमिडियासाठी स्राव किंवा लघवीची, तर एचआयव्ही व कावीळ ब यांसाठी रक्ताची चाचणी करतात. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत भारतात अवलंबली जाते. तिच्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) औषधांचे सात रंगीत संच ठरवले आहेत. करडा संच मूत्रमार्ग, गुदमार्ग व गर्भाशयमुखाच्या स्रावासाठी, हिरवा योनिदाहासाठी, पांढरा व्रणासाठी, निळा पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या व्रणाच्या रुग्णासाठी, लाल हर्पिससाठी, पिवळा ओटीपोटाच्या दाहासाठी आणि काळा जांघेतील गाठीसाठी असतो. या पद्धतीने उपचार तत्काळ मिळतात, परंतु लक्षणेच नसलेले रुग्ण तिच्यातून निसटतात.

शासकीय रुग्णालयांतील या सेवेच्या केंद्रांना 'सुरक्षा क्लिनिक' म्हणतात. तेथे तपासणी व औषधे मोफत मिळतात. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णाला पुढील तपासण्यांसाठी नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, तर लातूर परिसरातील रुग्णाला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय उपलब्ध आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी राज्यात 'मैत्री क्लिनिक' चालवली जातात. एचआयव्हीविषयक माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. भारतात एचआयव्हीवरील औषधे २००४ पासून शासनातर्फे मोफत दिली जातात.

उपचार पूर्ण होण्यासाठी चार गोष्टी आवश्यक मानल्या जातात:

१. औषधाची मात्रा ठरल्याप्रमाणे पूर्ण घेणे. बरे वाटू लागताच औषध सोडल्यास संक्रमण टिकून राहते.
२. जोडीदाराचीही त्याच वेळी तपासणी व उपचार करणे. एकालाच औषध दिल्यास दुसऱ्याकडून पुन्हा लागण होते.
३. उपचार पूर्ण होईपर्यंत शरीरसंबंध टाळणे.
४. सांगितलेल्या मुदतीनंतर फेरतपासणी करणे व एचआयव्हीची चाचणी करून घेणे.

दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेण्यामुळे आणखी एक संकट उभे राहिले आहे. परम्याच्या जंतूंनी पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधांना एकामागून एक दाद देणे सोडले. आता सेफ्ट्रिॲक्सोन हे मुख्य औषध उरले असून त्यालाही न जुमानणारे जंतू काही देशांत आढळले आहेत.

उपचारातील अडथळे

पुरुषांचा अडथळा मुख्यतः भीतीचा व लाजेचा असतो. ओळखीचे कोणी भेटेल म्हणून ते सरकारी दवाखाना टाळतात आणि भिंतींवर व बसस्थानकांजवळ जाहिराती करणाऱ्या 'गुप्तरोगतज्ज्ञां'कडे वळतात. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार उपदंश, परमा आदी आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे, तरीही असे व्यवसाय चालतात.

स्त्रियांपुढील अडथळे अधिक आहेत. पांढरे जाणे ही बाईच्या जातीला लागलेलीच गोष्ट आहे, अशी समजूत त्यांना दवाखान्यापर्यंत येऊ देत नाही. स्त्री डॉक्टर नसणे, सोबत कोणी नसणे, प्रवासाचा खर्च व बुडणारी मजुरी यांमुळे भेट लांबते. निदान झाल्यावरही पतीला ते कसे सांगावे हा प्रश्न असतो, कारण लागण पतीकडून झालेली असतानाही संशय पत्नीवर घेतला जातो. जुना रोग वर्षानुवर्षे सुप्त राहू शकत असल्याने केवळ चाचणीवरून लागण कधी व कोणाकडून झाली हे बहुधा सांगता येत नाही. ही बाब समुपदेशक दोघांनाही समजावून देतात. एचआयव्हीच्या बाबतीत चाचणीसाठी संमती व माहितीची गुप्तता यांना एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने कायदेशीर संरक्षण दिले आहे.

इतिहास

ब्रिटिश काळात गोऱ्या सैनिकांमधील उपदंश व परमा रोखण्यासाठी १८६८ साली सांसर्गिक रोग कायदा करण्यात आला. त्यानुसार देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व सक्तीची तपासणी होई आणि आजारी स्त्रियांना 'लॉक हॉस्पिटल' नावाच्या रुग्णालयांत ठेवले जाई. सक्तीच्या भीतीने स्त्रिया तपासणी चुकवत. तीव्र विरोधानंतर हा कायदा १८८८ साली रद्द झाला.

उपदंशाचा जिवाणू १९०५ साली ओळखला गेला. पॉल एर्लिख यांचे साल्व्हरसान हे औषध १९१० साली उपलब्ध झाले आणि १९४३ साली जॉन महोनी यांनी पेनिसिलिनचा यशस्वी वापर केला. महाराष्ट्रात या विषयावर मराठीतून उघडपणे लिहिणाऱ्यांत र. धों. कर्वे अग्रणी होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, गुप्तरोगांपासून बचावाविषयी पुस्तक लिहिले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. त्यासाठी त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले.

प्रतिबंध

निरोधचा नियमित व योग्य वापर हा बहुतेक लैंगिक संक्रमणांपासून बचावाचा प्रभावी उपाय आहे. त्वचेच्या संपर्काने पसरणाऱ्या हर्पिस व एचपीव्हीपासून मात्र तो अंशतः संरक्षण देतो. कावीळ ब व एचपीव्ही यांवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या 'सर्व्हावॅक' या भारतीय एचपीव्ही लशीला २०२२ साली परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निर्मूलनासाठी २०३० पर्यंतची उद्दिष्टे ठरवली. त्यानुसार ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ व ४५ या वयांपर्यंत तपासणी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार व्हावेत अशी अपेक्षा आहे.

नवा जोडीदार असल्यास, जोडीदाराला लक्षणे असल्यास, गर्भधारणा झाल्यावर किंवा मूल होत नसल्यास त्रास नसतानाही तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. लघवीला जळजळ, जननेंद्रियावर व्रण किंवा फोड, असामान्य स्राव, ओटीपोटात दुखणे किंवा जांघेत गाठ यांपैकी काही आढळल्यास, ते आपोआप कमी झाले तरीही, डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

हेही पहा

उपदंश
परमा
एचआयव्ही
गर्भाशयमुखाचा कर्करोग
वंध्यत्व
समाजस्वास्थ्य (मासिक)